बारा मशीन, एकतीस मुली

दिवाळीची सुट्टी संपवून कॉलेज उघडलं, त्या दिवशी आमच्या लॅबचे सर पुण्याला गेल्याचं कळलं. तासिका तत्त्वावर होते, पक्की नोकरी मिळाली, गेले. त्यांच्या जागी मीही गेले असते. मात्र प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक कोर्सच्या मुली, अर्धवट शिकवून झालेला अभ्यासक्रम आणि एप्रिलमधली परीक्षा एवढं ते मागे ठेवून गेले.

मी या कॉलेजात बावीस वर्षं लॅब असिस्टंट आहे. मुलींचं कॉलेज, सोलापुरातलं. सकाळी लॅब उघडायची, मशीनवरची आवरणं काढायची, यूपीएस चालू करायचा, हजेरी घ्यायची, कोणी हेडफोन पर्समध्ये घालून नेत नाही ना ते बघायचं, आणि तास चालू असेपर्यंत मागच्या कोपऱ्यात बसायचं, हे माझं काम. आवरणं मी सेकंडच्या, म्हणजे विणीत खोट राहिलेल्या चादरींची शिवून घेतली आहेत. प्लॅस्टिकची आवरणं दोन उन्हाळ्यांत तडकतात, ही धुतली की पुन्हा नवी. मुली मला ताई म्हणतात, शिकवणाऱ्यांना मॅडम किंवा सर. प्राचार्य मॅडम मला नुसतं बाई म्हणतात.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि नवीन माणूस जूनपर्यंत काही मिळत नाही असं सांगितलं. मुलींकडून जर्नल उतरवून घ्यायचं, तोंडीची दहा-पंधरा उत्तरं पाठ करून घ्यायची, म्हणजे परीक्षा निघून जाईल. जूनमध्येही माणूस मिळाला नाही तर कोर्स बंद करायचा. मशीन ऑफिसात जातील आणि मी परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला.

गठ्ठे बांधणं हे वाईट काम नाही. पण बावीस वर्षं मी त्याच खोलीत बसून तीच प्रकरणं ऐकत आले होते. सर बदलले, मॅडम बदलल्या, फळ्यावरची चित्रं तीच राहिली. मी म्हटलं, जर्नल उतरवून घेणार नाही, मुलींना करून दाखवेन. मॅडमनी चष्मा काढला. लॅब असिस्टंटनं शिकवणं नियमात बसत नाही, असं त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ फाइलवर बोटं वाजवून त्यांनीच वाट काढली. सराव घ्यायला कुणाची हरकत नाही. आणि हीच परीक्षा मी स्वतः बाहेरून बसून पास झाले, तर जूनची बॅच त्या मला लेखी देतील.

"आणि नापास झाले तर?" मी विचारलं.

"तर गठ्ठे," त्या म्हणाल्या. "बाई, मला माणूस दाखवता आला पाहिजे. कागदावरचा."

मला ते पटलं. मी त्याच दिवशी फॉर्म भरला.

ऑफिसातले हेडक्लार्क फॉर्म बघून म्हणाले, "हॉल तिकिटावर फोटो कुठला लावणार, लग्नातला?" मी म्हटलं, आधार कार्डावरचा लावते, तो बघून परीक्षक भिऊनच पास करतील. त्यावर ते हसले आणि शिक्का मारला. पण दुपारपर्यंत साऱ्या स्टाफरूमला बातमी गेली होती. पुढचे पाच महिने चहाला गेले की कुणी ना कुणी अभ्यासाची चौकशी करायचं. काहींना खरंच चौकशी करायची असायची.

आता लॅबची गोष्ट. लॅबमध्ये चालू मशीन बारा. भिंतीला बारा पॉइंट आहेत, तेरावं मशीन आणलं तरी त्याला वीज कुठून देणार? प्रत्येक मशीनवर मी स्वतः पांढऱ्या रंगानं एक ते बारा आकडे घातले आहेत. मुली मात्र तीस. प्रॅक्टिकल शनिवारी, म्हणजे तीन पाळ्या. पहिल्या बारा बसतात, बाकीच्या बाहेर बाकावर. कोणी कोणत्या पाळीला बसायचं यावरून दर शनिवारी भांडण, तेही मराठीत, तेलुगूत आणि दखनीत. माझ्या वहीत खाडाखोड इतकी की मलाच वाचता यायचं नाही.

ॲरेचं प्रकरण सरांनी सुरूसुद्धा केलेलं नव्हतं. मी ठरवलं की पुस्तकातली उदाहरणं नंतर, आधी ही पाळ्यांची यादी प्रोग्रॅमनं करायची. मुलींच्या देखत करायची. म्हणजे मला काय येत नाही हेही त्यांना दिसेल, आणि त्यांच्यासमोर अडले की मला शिकून यावंच लागेल.

ॲरे म्हणजे एका नावाखाली ओळीनं मांडलेल्या जागा. जागा किती ते आधी सांगावं लागतं, आणि एकदा सांगितलं की ती संख्या वाढत नाही. आमच्या मशीनना हे बरोबर लागू पडत होतं. मी बारा जागांचा ॲरे केला, एक ते बारा असा फेरा, म्हणजे लूप, लावला आणि प्रत्येक जागेत एकेका मुलीचं नाव भरायला सांगितलं. प्रोग्रॅमनं बाराव्या जागेवर लाल एरर दिली आणि तो थांबला. वर बघितलं तर पहिली जागा रिकामी. दुसऱ्या मशीनपासून मुली बसलेल्या आणि शेवटची मुलगी अधांतरी.

जागांची मोजणी शून्यापासून होते हे मी बावीस वर्षांत निदान पंधरा वेळा ऐकलेलं होतं. मान डोलावून ऐकलेलं होतं. हातानं केलं तेव्हा मी एकपासूनच सुरू केलं.

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ताई, हे शून्य कशाला मधी घालतात? उगाच."

त्यावर मला वडिलांचं दुकान आठवलं. मोहोळला आमचं धान्याचं दुकान होतं. दुकानात काटा होता, पण घरगुती गिऱ्हाइकाला वडील ज्वारी मापानंच द्यायचे. मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं. मी सात-आठ वर्षांची असताना वडिलांनी एकदा मला मापायला बसवलं. बारा मापं द्यायची होती. मी जोरात लाभ म्हटलं, मग एक, मग दोन, आणि बारा म्हणेपर्यंत पोत्यात तेरा मापं गेली होती. गिऱ्हाईक गुपचूप उभं. वडिलांनी माझ्या हातातलं माप काढून घेतलं आणि विचारलं, "लाभ काय हवेत गेला? त्या मापात ज्वारी नव्हती?"

मुलींना मी हे सांगितलं आणि फळ्यावर लिहून दाखवलं. आपण लाभ, दोन, तीन मोजतो. मशीन लाभ, एक, दोन मोजतं. लहानपणी मी ज्या मोजणीबद्दल बोलणी खाल्ली, तीच मशीनची मोजणी आहे. लाभची जागा भरलेली असते, म्हणून बारा जागांच्या ओळीत शेवटचा आकडा अकराच येतो. जिला उगाच वाटलं होतं तिनंच पुढे येऊन फेरा शून्य ते अकरा असा दुरुस्त केला. एरर गेली. मला त्या रात्री झोप चांगली लागली.

मुलींच्या नावांसाठीही मी ॲरेच केला होता, तीस जागांचा. तो महिनाभर चालला. मग जानेवारीत एकतिसावी मुलगी आली. तिचा कुठला तरी दाखला उशिरा मिळाला होता आणि मॅडमनी खास बाब म्हणून प्रवेश दिला होता. सांगोल्याकडची. घरची मेंढरं. सोलापुरात मावशीकडे राहायची, शुक्रवारी गावी जायची आणि शनिवारी सकाळच्या एसटीनं परत यायची. माझ्या प्रोग्रॅममध्ये तिला जागाच नव्हती. तीसचे एकतीस करायला मला चार ठिकाणी आकडा बदलावा लागला, त्यातलं एक राहिलं, आणि पुन्हा एरर. तेव्हा सरांच्या नोट्समधलं पुढचं पान उघडलं. लिस्ट. तिला आकार आधी सांगावा लागत नाही. कुणी आलं की ती लांबते, कुणी गेलं की आखडते, आणि मधलं नाव काढलं की मागची सगळी एकेक जागा पुढे सरकतात. मला हे फारच सोयीचं वाटलं. मशीनना ॲरे, मुलींना लिस्ट, असा प्रोग्रॅम मी नव्यानं लिहिला.

तो असा चालायचा. शनिवारी सकाळी हजेरीतली सगळी नावं लिस्टमध्ये यायची. प्रोग्रॅम पहिल्या नावापासून एकेक नाव स्क्रीनवर दाखवून विचारायचा, आली का? मी ते नाव दारात पुकारायची. हो दाबलं की तिला मशीनचा नंबर आणि पाळी मिळायची. नाही दाबलं की ते नाव लिस्टमधून काढून टाकलं जायचं. सगळं झालं की यादी छापून दाराला. भांडण संपलं. मॅडम एकदा येऊन यादी बघून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांना ती आवडली होती.

त्या एकतिसाव्या मुलीशी माझी पहिली भेट चांगली झाली नव्हती. पहिल्याच शनिवारी ती वीस मिनिटं उशिरा आली, धापा टाकत. मी तिला सुनावलं की उशिरा येणारीनं बाहेर बाकावर बसायचं आणि नाव पुकारल्याशिवाय उठायचं नाही. ती "व्हय" म्हणाली आणि जाऊन बसली. नंतर मला तिची आठवण राहिली नाही. एकतीस मुली, बारा मशीन, शिवाय दुपारी घरी जाऊन माझाच अभ्यास. कुणाकुणाकडे बघणार?

फेब्रुवारीच्या मध्यावर मी प्रत्येकीला छोटा प्रोग्रॅम करून दाखवायला सांगितला. तिची वेळ आली तेव्हा ती एका बोटानं अक्षरं शोधत होती. मी म्हटलं, इतक्या दिवसांत एवढंही नाही? तेव्हा ती म्हणाली की मशीनवर ती अजून बसलेलीच नाही.

"तीन शनिवार झाले. नाव पुकारलं की उठायचं ना?"

"पुकारलंच न्हाय की, ताई."

मी तिला लिस्ट उघडून दाखवली. तिचं नाव तिथे होतं, स्पष्ट. मी म्हटलं, मशीन कुणाला विसरत नाही, तू मैत्रिणींशी बोलत बसली असशील. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी पुढच्या मुलीकडे वळले.

याच्याबद्दल मी स्वतःला सवलत देत नाही. माणूस समोर उभं राहून सांगत होतं आणि मी स्क्रीनवर विश्वास ठेवला, कारण स्क्रीनवरचं मी लिहिलेलं होतं.

तरी पुढच्या शनिवारी मी नावं पुकारताना लक्ष ठेवलं. तिच्या वरचं नाव एका अशा मुलीचं होतं जी शनिवारी कधीच यायची नाही. ते नाव आलं, मी नाही दाबलं. आता तिचं नाव यायला हवं होतं. आलं तिच्या खालचं. तिचं नाव प्रोग्रॅमनं विचारलंच नाही. एरर नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. ती बाहेर बाकावर बसलेली मला दारातून दिसत होती, मांडीवर वही, नजर माझ्याकडे. नाव पुकारण्याची वाट बघत. मी सांगितलं होतं तशी.

मग एकेक गोष्ट लक्षात येत गेली. दर शनिवारी दोन-चार मुली "ताई, माझं राहिलं" म्हणत आत घुसायच्या. त्या उशिरा आल्या असतील असं समजून मी त्यांना रागावून हातानं बसवायची. त्या उशिरा आलेल्या नव्हत्या. जिच्या जिच्या वरची मुलगी गैरहजर होती, तिला तिला प्रोग्रॅमनं गाळलं होतं. बाकीच्या तोंडाळ होत्या म्हणून त्यांचं निभावलं. ही एकटी गप्प बसली, कारण तिला वाटलं अजून पहिल्या दिवसाची शिक्षाच चालू आहे.

मी बाहेर गेले आणि तिला म्हटलं, "चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. तुझी नाही. आत चल." तिनं वही उचलली. मी तिला एक नंबरच्या मशीनवर बसवलं आणि रोज चार ते सहा लॅबमध्ये यायला सांगितलं, सराव भरून निघेपर्यंत. बाकावरून उठताना ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं नाव काढलं असंल."

हे मॅडमपर्यंत जायला सोमवार उजाडावा लागला नाही. तोंडाळ मुलींपैकी एकीच्या आईनं फोन केला होता. मॅडम म्हणाल्या, "बाई, वहीच बरी होती. परीक्षेला दोन महिने राहिलेत. हे खेळ आता पुरेत. अजूनही जर्नल उतरवून घेता येईल, आणि तुमचा फॉर्मही मागे घेता येईल, कुणी काही म्हणणार नाही." त्या वाईट बोलत नव्हत्या. मला वाचवायलाच बघत होत्या. मी म्हटलं, आठ दिवस द्या. चूक सापडली नाही तर वही काढते. फॉर्म मात्र राहू दे.

चार ते सहा आम्ही दोघी बसू लागलो. ती एका मशीनवर अक्षरं जमवायची आणि मी शेजारी माझ्या चुकीत डोकं घालून. प्रोग्रॅम एका नावाला का उडी मारतो ते दोन दिवस माझ्या लक्षात येईना. लिस्ट बरोबर, फेरा बरोबर, शून्यापासून सुरू केलेलं. तिसऱ्या दिवशी मी नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर ओळीनं मांडली आणि बोट फिरवत गेले. गैरहजर मुलीची चिठ्ठी उचलली, मागच्या पुढे सरकवल्या, बोट पुढच्या जागेवर नेलं. ती बाजूनं बघत होती.

"ताई, हे आमच्या मेंढरांसारकं झालं."

मी तिला सांग म्हटलं. तिनं जे सांगितलं ते असं. मेंढरांना जंताचं औषध पाजताना दोन वाघरींच्या मधल्या बोळात त्यांना ओळीनं उभं करतात. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. बोळ इतका अरुंद की मेंढरू वळू शकत नाही. तिचा आबा पुढून एकेकाला पाजत मागे मागे जातो. मध्येच एखादं लंगडं किंवा गाभणं दिसलं आणि त्याला बाहेर काढलं, की मागचं मेंढरू लगेच त्याच्या जागी पुढे येतं.

"आन् आबा तर एक पाऊल मागं गेलेला असतो. मग ते सरकल्यालं तसंच ऱ्हातं, बिनऔषधाचं. कळत बी न्हाय. महिन्यानं ते वाळाय लागलं की मग कळतं."

मी चिठ्ठ्यांकडे बघितलं. बोट पुढे गेलेलं होतं, आणि तिच्या नावाची चिठ्ठी त्या काढलेल्या चिठ्ठीच्या जागेवर, बोटाच्या मागे.

"मग काय करता तुम्ही?"

"आधी समद्यांना पाजायचं, मग काढायचं. न्हायतर मागनं पाजत यायचं."

"मागून का?"

"मागची पाजून झाल्याली असत्यात की. ती सरकली तर सरकू द्यात, काय बिघडतंय?"

तिनं हे सांगून पुन्हा कीबोर्डवर बोट ठेवलं, जसं काही कुणी किती वाजले विचारलं आणि तिनं सांगितलं. मी फेरा उलटा केला. शेवटच्या नावापासून शून्याकडे. पाच मुलींना मुद्दाम गैरहजर दाखवून चालवून बघितलं. एकही नाव गळलं नाही. दहा गैरहजर दाखवल्या, तरी नाही. सांगोल्याच्या माळावर हे किती पिढ्या चाललेलं असेल. आमच्या सरांच्या नोट्समध्ये त्यावर एक ओळ नव्हती.

परीक्षेपर्यंत मी यादी छापत राहिले आणि शेजारी वहीतही टिकमार्क करत राहिले. दोन्ही जुळल्या की मगच दाराला लावायची. एकदा फसल्यावर नुसत्या यादीवर विसंबायला मी काही नवखी नव्हते.

एप्रिलमधली परीक्षा माझ्याच लॅबमध्ये झाली आणि तोच सगळ्यांत अवघड भाग ठरला. त्या दिवशी मी परीक्षार्थी, म्हणून लॅबची किल्ली माझ्याकडे नाही. दार लायब्ररीच्या शिपायानं उघडलं. आवरणं ओढून त्यानं त्यांचा कोपऱ्यात ढीग केला, मी बघत राहिले. बैठक क्रमांकाप्रमाणे मला सात नंबरचं मशीन आलं. त्याचा स्पेसबार अडकतो हे जगात फक्त मला माहीत होतं. दुसरा कीबोर्ड कपाटात, कपाट कुलूपबंद. माझ्या एका बाजूला शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी एक मुलगी, दुसऱ्या बाजूला सांगोल्याची. मला ताई म्हणायचं की आणखी काही, या विचारात दोघी.

परीक्षक बाहेरगावच्या कॉलेजचे होते, उन्हानं हैराण झालेले. प्रश्नांच्या चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. माझी अशी होती: ग्रंथालयातल्या पुस्तकांची नावं घ्या, फाटलेली काढून टाका, उरलेली क्रमांकासह छापा.

मी लिहायला घेतलं आणि हात सवयीनं पुढूनच निघाला. शून्यापासून फेरा, फाटलेलं असेल तर काढ. तीन ओळी लिहून झाल्यावर मला बाकावरची ती नजर आठवली. खोडलं. मागून सुरू केलं. तेवढ्यात वीज गेली आणि यूपीएस ओरडायला लागला. सगळ्या मुलींनी माझ्याकडे बघितलं. मी अर्धी उठलेसुद्धा.

"तुम्ही परीक्षार्थी आहात," परीक्षक म्हणाले. "बसा."

मी बसल्या बसल्या म्हटलं, "सर, दहा मिनिटं चालेल तो. सगळ्यांना सेव्ह करायला सांगा, आणि तो कोपऱ्यातला प्रिंटर बंद करायला सांगा, म्हणजे पंधरा." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि तसं सांगितलं. वीज बाराव्या मिनिटाला आली.

माझा प्रोग्रॅम चालला. एकदा मी आकड्याच्या जागी अक्षर दाबलं तेव्हा तो कोसळला आणि ती दुरुस्ती करायला वेळ पुरला नाही. तेवढे गुण गेले.

तोंडीला परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. फेरा शेवटापासून का लावला? मी बोळ, मेंढरं आणि औषध सगळं सांगितलं. शेजारची सांगोल्याची मुलगी कीबोर्डवर वाकून हसू दाबत होती. ते म्हणाले, हे पुस्तकात नाही. मी म्हटलं, मला हे पुस्तकातून समजलेलंही नाही. मग त्यांनी विचारलं, इथे ॲरे का घेतला नाही? पुस्तकं किती ते चिठ्ठीत दिलेलं नव्हतं, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तिसरा प्रश्न टाकला. लिस्ट लांबते म्हणजे आत नेमकं काय होतं?

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी गुण लिहिले आणि मग स्वतःच सांगितलं. आत ॲरेच असतो. तो भरला की मशीन दुसरीकडे मोठी जागा घेतं, सगळं सामान तिकडे हलवतं आणि जुनी जागा सोडून देतं. आपल्याला ते दिसत नाही. मी ते चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं. परीक्षेत नोट्स काढणारी त्यांनी पहिलीच बघितली असावी.

निकाल जूनच्या सुरुवातीला लागला. मला दुसरा वर्ग. सांगोल्याच्या मुलीलाही दुसरा वर्ग, माझ्याहून चार गुण जास्त. दोन मुली नापास झाल्या, त्यातली एक ती शनिवारी कधीच न येणारी. मी गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ती दोनदा वाचली, गुणांच्या रकान्यावर बोट ठेवून, आणि हेडक्लार्कना आत बोलावून पत्र टाइप करायला सांगितलं. जूनची बॅच माझ्याकडे, तात्पुरत्या स्वरूपात, एका सत्रापुरती. हेडक्लार्क पत्र देताना म्हणाले, "अभिनंदन. आता आम्ही काय म्हणायचं तुम्हाला, ताई की मॅडम?" मी म्हटलं, काहीही म्हणा, पण सात नंबरला नवीन कीबोर्ड द्या. मागणीपत्र तयारच होतं.

पहिल्या दिवशी सकाळी मी लॅब उघडली, आवरणं काढली, घड्या घातल्या. लॅब असिस्टंटचं कामही माझंच, त्या पत्रात ते कमी केलेलं नव्हतं. नव्या बॅचच्या अठ्ठावीस मुली होत्या. फळ्यावर मी काही लिहिलं नाही. पिशवीतून वडिलांचं माप काढलं, सोबत ज्वारीची पिशवी, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला बारा मापं मोजायला सांगितलं. तिनं एकपासून सुरू केलं. मागून एक जण म्हणाली, "एक न्हाय, लाभ म्हणायचं असतंय." म्हणजे सुरुवात झाली होती.

नववं माप चालू असताना दारात एक मुलगी उभी राहिली. हातात प्रवेशाची पावती, शाई अजून ओली. तिनं आत नजर फिरवली, भरलेली मशीन मोजली आणि विचारलं, "मॅडम, जागा हाय का?"

"मशीन बारा आहेत, ती भरली," मी म्हटलं. "लिस्टमध्ये जागा आहे. नाव सांग, आणि बाहेर बसू नकोस, आत ये."